कोल्ड रूमचं दार

हे खरं घडलंय. पटवून द्यायचा उत्साह प्रियदर्शनीत आता उरलेला नाही, एवढंच.

साल २००९, मे महिना. हिंजवडीतल्या एका कंपनीचा तिसरा मजला. भर दुपार.

वाशीमहून आलेली ही मुलगी कॉम्प्युटरवर जहाज बांधत होती. ध्रुवाकडे संशोधकांना नेणारं, वाटेतला बर्फ फोडत जाणारं जहाज. क्लायंट परदेशी आणि महाखवट. डिझाइन सहा वेळा परत आलं होतं. आज गेलं नाही, तर तिची टीम बेंचवर, म्हणजे बिनकामाची बसून. मंदीच्या त्या वर्षी बेंचवरून माणसं थेट घरी जात होती.

शेवटची तपासणी उरली होती. दोन वस्तू एकाच जागी आल्या, की सॉफ्टवेअर तिथे लाल खूण करतं. पाइप भिंतीत घुसला, जिना छताला धडकला, असलं काहीतरी.

एकच खूण उमटली.

बर्फाचे नमुने ठेवायच्या कोल्ड रूममध्ये... दाराच्या आतल्या बाजूला.

खोली तर रिकामी होती. तरी दार कशाला तरी अडत होतं.

तिने दार पुसून नवं काढलं. खूण तिथेच. वैतागून तिने दार समोरच्या भिंतीत नेलं.

खूणही हलली... नव्या दारामागे.

"सर, जरा बघता का?"

टीमचे प्रमुख यज्ञेश्वर सर चष्मा वर करून म्हणाले, "वा. आपलं डिझाइन कुणाला तरी आवडलं म्हणायचं. बाहेर यायलाच तयार नाही. आपण इग्नोर करावं आणि फाइल पाठवावी."

सर जेवायला गेले. मागोमाग सगळेच गेले.

एसी बंद पडलेला. पाठीवरून घाम ओघळत होता. माऊसवरची बोटं मात्र... गार पडत चालली होती.

मग आवाज आला.

टक्... टक्...

टेबलाखालच्या सीपीयूमधून. पत्र्यावर कुणी आतून बोट वाजवावं तसा.

तिने स्क्रीनवरचं दार उघडलं. आवाज थांबला.

बंद केलं.

टक्... टक्... टक्...

तिला रडू आलं. भीतीपेक्षा रागाने. इतके महिने रक्त आटवलं, ते यासाठी?

"काय पायजे तुले?" ती स्क्रीनला म्हणाली. "माही नोकरी जाईन ना बाप्पा."

दार बंद ठेवूनच तिने 'इग्नोर' दाबलं आणि फाइल पाठवली. संध्याकाळी मंजुरी आली. टीम वाचली.

दोन वर्षांनी जहाज बांधून झालं. परदेशातल्या गोदीतून फोन आला.

"कोल्ड रूमचं दार लागत नाही. आत काहीच नाही, तरी अडतं. जोर लावून लावलं, की..." तो माणूस घुटमळला. "आतून आवाज येतो. तुमच्या डिझाइनमध्ये तिथे काय होतं?"

"काही नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

"मग जोर लावून बंद करून टाकू?"

समोर यज्ञेश्वर सर बसले होते.

"करा."

ते जहाज आजही बर्फात जातं. आत माणसं असतात. प्रियदर्शनीला बढती मिळाली, स्वतःची केबिन मिळाली. तिचं दार ती कधीच लावत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, हवा येत नाही.