सात नंबरचा दगड

लाइट गेलीच आहे तर बसा गच्चीवर. मोबाइल उलटे ठेवा. आणि शंभू, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्ये हसलास तर जिना दाखवीन.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवार, अकरा मे. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. सकाळी साडेसहाला धम्मदीप नावाचा मुलगा मंडईत कलिंगड घ्यायला गेला. टिचक्या मारून बघत होता, तर समोर सुंदराबाई. आपल्या तळमजल्यावरच्याच, माझ्या शेजारीणबाई.

"तू चेतनचा कॉलेजातला मित्र ना रे?"

"हो, काकू."

"त्या दिवशी नदीवर कोणी होतं का रे त्याच्याबरोबर?"

"नाही, काकू. मला काहीच माहीत नाही."

त्या मान हलवून कोथिंबिरीकडे वळल्या. वर्षभर भेटेल त्याला हेच विचारत होत्या. चेतन त्यांचा एकुलता एक. आदल्या मे महिन्यात बुडाला, तिसऱ्या दिवशी सापडला. दीर हिंमतरावांनी चारचौघांत जाहीर करून टाकलं, एकटाच गेला होता, प्यायला असणार. अहो, तो पोरगा चहासुद्धा अर्धा कप घ्यायचा! पण मेलेल्यावर काहीही ढकलावं, तो काय उठून भांडतोय? सुंदराबाईंना एवढंच कळायला हवं होतं, माझं लेकरू शेवटच्या घटकेला एकटं होतं का.

नव्हतं. चेतन धरून अकरा जण होते, आणि धम्मदीप त्यांचा म्होरक्या.

सगळी गे मुलं. रविवारी डोंगर चढायचे, उन्हाळ्यात नदीवर पोहायला जायचे.

काय म्हणालास, शंभू? "तसली मुलं"? तसली म्हणजे कसली रे? एक बँकेत आहे, एक शाळेत गणित शिकवतो, आणि तुझ्या मास्तरांपेक्षा बरं शिकवत असणार. घरी मात्र सांगायचे, ऑफिसची ट्रिप आहे. खरं सांगायची सोय आपण ठेवली होती कुठे?

खडकवासल्याच्या बरंच पुढे त्यांचा एक डोह होता. गावाचं नाव सांगणार नाही, उगाच बघायला जाल. तिथले त्यांचे दोन नियम होते. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं कातळावर एक दगड ठेवायचा, चुलीतल्या कोळशानं त्यावर आपला नंबर लिहायचा. बाहेर आलं की आपला दगड आपणच नदीत फेकायचा. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. दगड उरला म्हणजे माणूस पाण्यात आहे. चेतनचा नंबर सात.

दुसरा नियम, कोणी ओळखीचं दिसलं तर न बोलता सटकायचं. कोणी कोणाला विचारायचं नाही, शोधायचं नाही.

चेतन गेला त्या दिवशी काठावर मोटरसायकलवाल्यांचं टोळकं आलं. शिव्या देत मोबाइलवर शूटिंग करायला लागलं. ही सगळी पोरं कपडे उचलून पळाली. दगड कोणीच फेकले नाहीत, अकराच्या अकरा दगड तिथंच राहिले. वाटेत जमले तेव्हा चेतन नव्हता. सगळ्यांना वाटलं, सटकला असेल. नियमच होता ना!

नियम पाळला, आणि माणूस पाण्यात राहिला.

नंतर बोलायचं, तर कोण होतात, कशासाठी गेला होतात, सगळं आलं. दहा धडधाकट पोरं वर्षभर तोंड शिवून बसली. मला राग त्यांचाही येतो. पण ती सुई त्यांच्या हातात दिली कोणी, त्याचा जास्त येतो.

तर त्या रविवारी ते दहा जण पुन्हा तिथं गेले. चेतनच्या नावानं एकदा पोहून येऊ म्हणून. कलिंगड कापलं. कातळावर दहा दगड मांडले. सात नंबर कोणी घेतला नाही.

सूर्य बुडाला. चंद्र आधीच वर आला होता. सात वाजून दहा मिनिटं झाली होती, धम्मदीपनं घड्याळ बघितलं होतं. सगळे बाहेर आले. एकेकानं आपापला दगड फेकला. डुब. डुब. दहा वेळा.

कातळावर एक दगड उरला.

"कोण राहिलंय रे आत?"

कोणीच नाही. दहाच्या दहा तिथंच उभे.

"मस्करी कोणी केली?"

बँकवाल्यानं मोबाइलचा उजेड पाडला. दगडावर कोळशाचा सात. ताजा. बोट लावलं... बोट काळं झालं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर एक दिवा दिसला. मग दुसरा. गाडीचा आवाज नाही. माणसांचा नाही. नुसते दिवे.

नऊ जण सटकले. न बोलता. नियमाप्रमाणे.

धम्मदीपही निघाला... आणि परत येऊन बसला.

दिवे विझले.

पाण्यात कोणीतरी हात मारत होतं. सावकाश. दमलेल्या माणसासारखं.

जवळ...

आणखी जवळ...

"चेतन," तो म्हणाला, "या वेळी मी गेलो नाही रे."

हात थांबले. कातळाच्या अगदी खाली. कोणीतरी श्वास सोडला.

मग काही नाही. रात्रभर काही नाही. तो तिथंच बसून राहिला.

सकाळी सात वाजता धम्मदीप, नियम मोडून, तो दगड घेऊन सुंदराबाईंच्या दारात उभा राहिला. मी तिथंच होते, म्हणून ठणकावून सांगते. त्यानं सगळं सांगितलं. टोळकं, नियम, ते कोण होते, चेतन कोण होता. आणि मंडईत खोटं बोललो, तेही. सुंदराबाईंनी खाडकन् मुस्काटात मारली.

"दहा जण होतात. एकालाही वळून बघावंसं वाटलं नाही?"

"वाटलं, सटकला असेल. आम्हाला... सवय आहे, काकू."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याला जवळ ओढून अशा रडल्या, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

हिंमतराव आले. "वहिनी, ही घाण घरात नको."

"भावजी, माझ्या लेकराला दारुडा तुम्ही केलंत. चपला घाला."

घातल्या त्यांनी. पुन्हा आले नाहीत.

दगड चेतनच्या फोटोपुढं फडताळावर ठेवला. पौर्णिमेच्या मेणबत्त्या लावल्या. धम्मदीपला जेवायला घातलं, मग घरी पाठवलं. सोबतीला मी झोपले. कडी मी स्वतः लावली, खिडकीला गज आहेत.

पहाटे उठलो. कडी लावलेली. मेणबत्त्या विझलेल्या. फोटो जागच्या जागी.

दगड नव्हता. फडताळ ओलं होतं... तेवढीच जागा. दगडाएवढी.

"मग दगड नेला कोणी, आजी?"

बघ, आता हसू येत नाही ना, शंभू? नियम सांगितलाय तुला. बाहेर आलं की आपला दगड आपणच फेकायचा. दुसऱ्याच्या दगडाला कोणी हात लावायचा नाही.