आठशे अंडी, दोनच आकडे

आठशे अंड्यांतून एकोणीस पिल्लं बाहेर आली आणि खापर उबवणीच्या पेटीचं वायरिंग केलेल्या वायरमनच्या डोक्यावर फुटलं.

"त्याचं लायसन्स रद्द झालंच पाहिजे," अंडी उबवण्याच्या धंद्याच्या मालकीणबाई म्हणाल्या. "पाचला ऑफिस बंद होतं. त्याआधी तक्रार द्यायची आहे. तपास केला, दोष त्याचाच, अशी तुमची सही तेवढी हवी."

सही हवी होती ती खाजगी तपास करणाऱ्या बाईंची. लोक त्यांना तपासबाई म्हणत. त्यांचे यजमान निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांना सगळेच, घरात बाईसुद्धा, मास्तर म्हणत. तक्रार मास्तरांनीच वळणदार अक्षरात लिहून दिली होती.

"माझाच विद्यार्थी हा," मास्तर म्हणाले. "नववीत विज्ञानात नापास. ज्याला ओहमचा नियम येत नाही तो जोड काय मारणार?"

"तुम्ही जोड बघितलात?"

"बघायचं काय त्यात? नोंदवहीच बोलतेय!"

"मग तिचंच ऐकू," म्हणत तपासबाईंनी चपला घातल्या.

उबवणीची खोली घराच्या मागे होती. आत लाकडी पेटी, पेटीत एकसारख्या दोन कॉइल, प्रत्येकीचा प्लग वेगळा. जुनी पेटी, कॉइल सतत चालू, ऊब जास्त झाली तर झडप उघडायची. खोलीचं एक दार घराकडे, दुसरं गल्लीकडे. व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारी मीटरं मात्र बाहेर व्हरांड्यात होती.

वायरमन पायरीवर बसला होता. त्याची हत्यारांची पिशवी मालकीणबाईंनी ठेवून घेतली होती.

"जोड सैल नव्हता, बाई," तो एवढंच म्हणाला.

"चोराच्या उलट्या बोंबा," मास्तर पुटपुटले.

नोंदी मालकीणबाईंची नणंद ठेवायची. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर तासाला. "दार उघडत नव्हते मी, ऊब जाते. सकाळ-संध्याकाळ सातला अंडी फिरवायला तेवढं उघडायचं."

"या लाइनवर आणखी काय चालतं?"

"काही नाही. घराची लाइन वेगळी. तिथं फ्रिज, मिक्सर, पंखे. इस्त्री होती, ती दादाने महिन्यापूर्वी दुरुस्तीला दिलीय."

तपासबाईंनी वही उघडली. व्होल्ट कायम २३०. अंडी ठेवल्यापासून तीन आठवडे सकाळी नऊपर्यंत १० अँपिअर. दहा ते चार मात्र कधी ८.३, कधी ५. पाचनंतर पुन्हा १०. रविवारी दिवसभर १०.

"बघा, करंट नाचतोय," मास्तर म्हणाले. "सैल जोडाचं लक्षण!"

तेवढ्यात मालकीणबाईंचे यजमान बाहेर आले. शर्टाच्या बाहीवर सुरीसारखी घडी.

"आज ऑफिस नाही?" तपासबाईंनी विचारलं.

"रजा घेतलीय. एवढं नुकसान झालं, म्हटलं घरी थांबावं."

"एरवी किती वाजता निघता?"

"साडेनऊला डबा घेऊन. साडेचारला परत."

तपासबाईंनी आत जाऊन दोन्ही प्लग पाहिले, जोड उघडून पाहिला आणि सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. साडेचार वाजत आले होते.

"मास्तर, २३० व्होल्ट आणि १० अँपिअर. रोध किती?"

"भागा. तेवीस ओहम."

"आणि पाच अँपिअर असताना?"

"शेहेचाळीस. बरोबर दुप्पट..." मास्तर थांबले. "म्हणजे एक कॉइल बंद."

"पूर्ण बंद. सैल जोड असता तर नऊ, सात, सहा, वाटेल ते आकडे आले असते. इथं दहा ते चार दोनच. आता ८.३ मधून चालू कॉइलचे पाच वजा करा."

"३.३. गुणिले २३०..." मास्तरांनी बोटं मोजली. "साधारण साडेसातशे वॅट."

"साडेसातशे वॅटचं असं काय असतं, जे तापलं की आपोआप बंद होतं आणि थंड झालं की पुन्हा चालू?"

नणंदेने तोंडावर हात ठेवला. "इस्त्री!"

"कुणीतरी एका कॉइलचा प्लग काढून इस्त्री लावत होतं. दहा ते चार. पेटीला निम्मीच ऊब मिळाली, अंडी गारठली. आणि रविवारी सगळं ठीक. सैल जोडाला रविवारची सुट्टी कोण देतं? सुट्टी माणसाला असते, डबा घेऊन निघणाऱ्या. महिनाभर घरात इस्त्री नाही, आणि साहेबांच्या शर्टाला ही घडी!"

यजमानांनी मान खाली घातली.

"नोकरी जाऊन महिना झाला," ते म्हणाले. "पहिले काही दिवस बागेत बसलो. मग लॉन्ड्रीवाल्याचे कपडे इस्त्रीला आणायला लागलो, गल्लीच्या दाराने. एका कॉइलवर पेटी निभावेल असं वाटलं."

"मला सांगायचं होतं ना," मालकीणबाई म्हणाल्या.

"लाज वाटली."

"आणि या वायरमनच्या पोटावर पाय येत होता, तेव्हा नाही वाटली?" तपासबाईंनी विचारलं.

"वाटली. त्याहून जास्त वाटली. म्हणून तर तोंड उघडेना."

मालकीणबाईंनी आतून हत्यारांची पिशवी आणली. चार लोकांत त्याच्यावर दोष ठेवला होता. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केली.

मास्तरांनी तक्रारीचा कागद खिशात कोंबला. कान तापले होते. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला नियम समोर वहीत होता आणि त्यांनी एक भागाकार केला नव्हता. पोरगा ढ आहे, हे ठाऊक होतं, तेवढं त्यांना पुरलं होतं.

"चुकलो रे," ते म्हणाले. "तू तरी मला सांगायचंस, की दोनच आकडे येतायत."

"सांगायला आलो होतो, सर. परवा, तुमच्या घरी," वायरमन पिशवी खांद्याला लावत म्हणाला. "तुम्ही हाच कागद लिहीत होता. म्हणालात, बाहेर थांब. मी दोन तास थांबलो."

तो पायऱ्या उतरून गेला. मास्तरांना त्याच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.