फरशी वाळली का?

"जरा त्या टोकापर्यंत चालून दाखवता?"

समोरचा अनोळखी तरुण हे इतक्या सहज बोलून गेला की संघरत्नाच्या हातातला चहाचा कप बशीवर आपटला.

आज कुणीतरी येणार हे तिला ठाऊक होतं. सकाळीच आईनं, कमळाबाईनं, भाकरी थापता थापता सांगितलं होतं, "कल्यानचा मुलगा येल आज तुज्या सेंटरवर. असाच, सहज आल्यावानी करंल. त्याला धुडकावू नको गो." संघरत्नानं मान डोलावली होती. पण पहिल्याच भेटीत, नाव-गाव न विचारता, थेट 'चालून दाखवा'? तेही तिला?

तिसऱ्या वर्षी पोलिओनं तिचा डावा पाय बारीक केला होता. घोट्यापासून मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून ती चालायची, आणि चालणं हेच तिचं काम होतं. मुरबाडमध्ये म्हसा रस्त्याला भाताची एक बंद पडलेली गिरणी होती. एका संस्थेनं ती घेऊन तिथं कृत्रिम पाय बसवण्याचं केंद्र काढलं होतं, आणि ज्यांना नवा पाय मिळे त्यांना संघरत्ना चालायला शिकवी. लोक तिला 'मास्तरीण' म्हणत.

"चालून दाखवू?" ती उठून उभीच राहिली. "मग वळूनही दाखवते. दातही बघून घ्या. बैल घ्यायला आलात का? त्यासाठी म्हसाची जत्रा आहे, पौषात या!"

तरुणाचा चेहरा पार उतरला.

"बैल? नाही हो… मी फरशी बघायला आलोय."

"फरशी?"

त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून लांबलचक लेव्हल पट्टी काढून पुरावा म्हणून समोर धरली. "हा कोबा. संस्थेनं पाठवलंय मला. कुठं उतार आहे, कुठं खड्डा आहे, ते माणूस चालताना लवकर कळतं, म्हणून म्हटलं… तुम्हीच असं नाही. कुणीही चालेल. म्हणजे तुम्हीही चालाल — म्हणजे…"

तो वाक्यातच अडकला. भिंतीजवळच्या बाकावर देवराम बसला होता. कापणी यंत्रात पाय गमावलेला, म्हसा गावचा शेतकरी. त्याला हसू आवरेना. "मास्तरीन, तुमी त्याला नवरा समजल्या काय?"

संघरत्नाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती भिंतीच्या कडेकडेनं त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. तरुण गुडघ्यावर बसून बघत राहिला, खडूनं खुणा करत राहिला.

त्याचं नाव स्वरूप. पडघ्याकडच्या एका शेतकरी घरातला. कल्याणच्या एका ठेकेदाराकडे तो फरश्यांच्या कामावर देखरेख करी.

आणि तो कल्याणचा मुलगा? तो त्या दिवशी आलाच नाही.

*

दिवाळी उलटली आणि काम सुरू झालं. गिरणीचा कोबा पोत्यांच्या ओझ्यानं जागोजागी दबला होता. नवा पाय लावलेली माणसं तिथं हमखास ठेचकाळायची. स्वरूपच्या माणसांनी तो घासून घेतला, धूळ काढली, वर चिकट प्रायमर मारला. मग खिडक्या बंद केल्या, पंखे बंद केले.

"एवढं कोंडून कशाला?" संघरत्नानं दारातून विचारलं.

"वारा लागायला नको. नवा कोबा वरून आधी सुकतो, आतून ओलाच राहतो. मग तडे जातात." त्यानं बादलीवरची खूण दाखवली. "आणि पाणी मापातच लागतं. जास्त झालं तर बिघडतो, कमी पडलं तर… पसरतच नाही."

"तुम्ही कोब्याचंच बोलताय ना?"

"हो. का?"

"काही नाही."

मिक्सर घरघरला. राखाडी, दुधासारखा पातळ माल बादल्यांतून जमिनीवर पडला आणि काय नवल, आपला आपण चालू लागला! थापी नाही, रंधा नाही. हळूहळू पसरत, खड्डे भरत, कोपरे शोधत तो सपाट झाला. स्वरूपनं बुटांवर लांब खिळ्यांच्या चपला चढवल्या, त्या ओल्या थरावर उतरला आणि काटेरी रूळ फिरवू लागला. आतले बुडबुडे फुटत होते. त्याच्या पावलांची छिद्रं मागच्या मागे मिटत होती.

संघरत्ना बघत राहिली. आधी मालाकडे… आणि मग कोण जाणे केव्हापासून, त्याच्याकडे.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. जगातली सगळी माणसं आधी तिच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग चोरून पायाकडे. हा उलटा होता. आधी तिच्या पायाखालच्या जमिनीकडे बघे आणि मग, चोरून, चेहऱ्याकडे. याचा अर्थ काय घ्यायचा? याला जमिनीचंच वेड, की…?

फरशीवर पहिलं पाऊल देवरामनं टाकलं. भिंतीला हात न लावता तो या टोकापासून त्या टोकाला गेला, तिथून परत आला, आणि मग बाकावर बसून नवा पाय पुसत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "बांधावरून चालल्यावानी वाटलं. सोताच्या बांधावरून."

संघरत्नाला स्वरूपचे आभार मानायचे होते. ती वळली, तर तो दारामागं उभा राहून डोळे पुसत होता.

"सिमेंट गेलं," तो म्हणाला.

"आज सिमेंट कुठंय?"

"कालचं."

*

काम संपलं, बादल्या गेल्या, मिक्सर गेला. स्वरूप मात्र येतच राहिला.

"फरशी वाळली का?" दारात उभा राहून तो विचारी.

"वाळली."

"आतून?"

"आतून मला कसं कळणार? तुम्ही सांगा."

मग तो लेव्हल पट्टी ठेवून बघे, बोटानं ठोकून बघे, कान लावून ऐके. चहा पिई आणि जाई. हे एकदा झालं, दोनदा झालं, मग सोमवारचा नेमच झाला. एकदा देवरामनं न राहवून विचारलं, "मास्तरीन, फरशी आजारी हाय का? डागदर सारखा येतोय."

संघरत्नाला काही उलगडेना. ती गोड बोलली की तो गप्प व्हायचा. ती टोचून बोलली की हसायचा. एका सोमवारी ती मुद्दाम आतल्या खोलीत बसून राहिली, तर तो पाहुण्यासारखा अवघडून बाकावर बसला आणि फरशीकडे न बघताच निघून गेला. म्हणजे फरशीसाठी येत नव्हता? मग पुढच्या सोमवारी ती समोर उभी होती, तर त्यानं सगळा वेळ फरशीच मोजली!

पौषात म्हसाची जत्रा भरली. स्वरूप तिथून एक काळी घोंगडी घेऊन आला.

"सेंटरसाठी," तो म्हणाला.

"बरं. पेशंटच्या खोलीत ठेवते."

"हो… म्हणजे, नको. सकाळी गारठा असतो. तुम्ही लवकर येता."

"मग माझ्यासाठी का?"

"सेंटरसाठीच. पण… तुम्ही वापरा."

तिनं घोंगडी छातीशी धरली. नव्या लोकरीचा उग्र वास नाकात भरला. आता विचारायचंच, असं तिनं ठरवलं.

"स्वरूप, तुम्ही इथं फरशीसाठी येता, की…"

"की?"

"तेच मी विचारतेय."

तो एकदम गंभीर झाला. पिशवी खांद्यावर अडकवली. मग म्हणाला, "पुढच्या सोमवारी सांगतो. नक्की."

पुढचा सोमवार आला. तो आला नाही. त्याच्या पुढचाही गेला. फोन लावला तर बंद. संघरत्ना सकाळी घोंगडी पांघरून बसे आणि दाराबाहेर गाडी थांबली की काढून ठेवी. घाबरला असेल… की आपणच सगळं मनानं रचलं? कामाचा माणूस, काम संपलं, गेला. यात कोड्यासारखं काय होतं? तरी कोडं सुटेना.

*

त्याच सुमारास तो कल्याणचा मुलगा अखेर आला, या वेळी आई-वडिलांसकट, आणि घरी. धम्मपाल त्याचं नाव. बँकेत नोकरी, बोलणं मऊ, नजर शांत. नावं ठेवावीत असं त्याच्यात काही नव्हतं. जाताना तो प्रेमानं म्हणाला, "पायाचं मनावर घेऊ नका. आम्ही चालवून घेऊ."

कमळाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. संघरत्नानं मात्र चहाचे रिकामे कप उचलले आणि आत नेऊन दाणकन ठेवले. माणूस वाईट बोलला नव्हता. मग राग कशाचा आला? रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिली.

"आये, मला दोन दिवस दे," सकाळी ती म्हणाली.

"इतका चांगला पोरगा! दोन दिसांनी काय होनार हाय?"

"ते मलाही कळत नाही. पण दे."

केंद्रात देवरामला काही सांगावं लागलं नाही. तोच म्हणाला, "डागदर आसनगावला हाय. हायवेच्या गोदामात मोठं काम हाय. माझा भाचा तिथंच बादल्या उचलतो."

शहापूरची एसटी, तिथून टमटम. वाटेत कॅलिपरचा पट्टा काचला, पदर धुळीनं माखला. गोदामाच्या दारात ती पोचली तेव्हा आत मिक्सर धडधडत होते, आणि तलावाएवढ्या ओल्या, चकचकीत फरशीच्या मधोमध स्वरूप रूळ फिरवत होता.

त्यानं तिला पाहिलं. रूळ थांबला.

"तुम्ही… इथं?"

"सोमवार किती झाले?" ती दारातून ओरडली.

"काय?"

"सोमवार!"

"आज गुरुवार आहे!"

बादल्या धरलेली माणसं हसू लागली. त्याला सोडून येता येईना. हात थांबले तर माल घट्ट बसला असता, बुडबुडे तसेच राहिले असते. दाराशी खिळ्यांच्या चपलांचा एक जोड पडला होता. संघरत्ना जमिनीवर बसली, कॅलिपरच्या बुटावरून एकेक पट्टा आवळला आणि उठली.

"अहो, नको!" तो ओरडला. "घसराल!"

ती उतरली. पाय घोट्याशी लचकला, सावरला. रोज ती लोकांना शिकवायची, आधी टाच, मग चवडा. तशीच टाच टेकवली तर खिळे तिरपे घुसले.

"टाच नको! सगळं पाऊल सपाट टाका! सरळ उचला, सरळ ठेवा!"

"असं कुणी चालतं का?"

"इथं असंच चालतात!"

बदकासारखी पावलं टाकत, दोन्ही हात पसरून, ती मधोमध पोचली. स्वरूप हात पुढं करून उभा होता, पण तिनं मागितल्याशिवाय त्यानं धरला नाही. हे तिच्या लक्षात आलं, आणि का कोण जाणे, राग निम्मा उतरला.

"आता सांगा," ती धापा टाकत म्हणाली. "काल एकानं मला मागणी घातली. मी काय उत्तर देऊ?"

स्वरूपच्या हातातला रूळ सुटता सुटता राहिला.

"तुम्ही विचारलंत ना, त्याच दिवशी घरी गेलो," तो हळू म्हणाला. "म्हटलं, आधी घरी बोलावं, मग तुमच्याशी. बाबा म्हणाले, तुझं तू बघ. पण आई… आईनं बोलणंच टाकलं. म्हणाली, त्यांचा समाज वेगळा, आपला वेगळा. लोक काय म्हणतील. मी म्हटलं, मी विचारत नाहीये, सांगतोय. त्यावर तर जेवणच सोडलं तिनं एक दिवस. मी फोनही तेव्हापासून बंदच ठेवला, हिंमतच होईना. घरचं असं असताना तुमच्याकडे कोणत्या तोंडानं यायचं?"

ती ऐकत होती. एक प्रश्न अजून उरला होता, लहानपणापासून ओळखीचा.

"आणि पाय?" तिनं विचारलं. "पायाबद्दल काय म्हणाल्या?"

"कुणाच्या पायाबद्दल?"

"माझ्या!"

स्वरूप तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी चूक झाल्याचे भाव उमटले.

"ते… सांगायचं राहूनच गेलं," तो ओशाळून म्हणाला. "डोक्यातच आलं नाही."

संघरत्नाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, तोल गेला, आणि आता तिनंच त्याचा दंड धरला.

"ओ शेट! माल बसतोय!" कुणीतरी ओरडलं.

"तुमच्या आई दुपारच्या घरी असतात?" तिनं विचारलं.

"असते. पण ती बोलणार नाही."

"नाही बोलल्या तरी चालेल. मी बोलेन. माझ्या आईला आज संध्याकाळी सांगते, ते याहून अवघड आहे. मग रविवारी पडघ्याला येते."

"खरंच याल?"

"'याल' म्हटलंत तर विचार करावा लागेल."

आधी त्याला कळलंच नाही. भुवया आक्रसल्या. मग कळलं, आणि सिमेंटनं राखाडी झालेला तो चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"ये," तो म्हणाला. "तू ये."