तळ्याकाठच्या हॉटेलातला तिसरा कप

यातलं काहीही रंगवून सांगितलेलं नाही. जुळे सोलापुरात राहणाऱ्या सोमशेखरच्या बाबतीत हे खरंच घडलं. गेल्या वर्षी, मे महिन्यात.

तेही भर दिवसा.

सोमशेखरचं चादरींचं दुकान. त्याच्या पहिल्या बायकोला, राजेश्वरीला, एकच वेड होतं. युरोपातली जुनी हॉटेलं. आठ दिवसांत दहा देश पळवणारी सहल तिला नको होती. हळू जाणारी रेल्वे, एक तळं, दीडशे वर्षांचं एक हॉटेल आणि दोघंच. एका वहीत तिने सगळं लिहून ठेवलं होतं. कुठली गाडी, कुठली बोट, नाश्त्याला खिडकीजवळचंच टेबल.

"पुढच्या वर्षी नक्की जाऊ," सोमशेखर म्हणायचा.

अकरा वर्षं म्हणत राहिला.

मग ती आजारी पडली आणि गेली.

तीन वर्षांनी त्याने अक्कलकोटच्या दाक्षायणीशी लग्न केलं. आणि त्याच वहीवरून तिला ऑस्ट्रियाला नेलं.

"सगळं मीच ठरवलंय," असं तिला सांगून.

हॉटेल वहीत होतं तसंच निघालं. लाकडी जिना, पितळी किल्ल्या, खाली निळंशार तळं. पहिल्या सकाळी दोघं नाश्त्याला उतरली. खिडकीजवळच्या टेबलावर...

तीन कप.

"आम्ही दोघंच आहोत," सोमशेखर इंग्रजीत म्हणाला.

म्हातारा वेटर गोंधळला. "पण त्या बाई म्हणाल्या, मी मागून येते."

"कुठल्या बाई?"

वेटरने जिन्याकडे बोट दाखवलं. जिना रिकामा होता.

पण पायऱ्या करकरत होत्या... एकेक... सावकाश...

शेवटच्या पायरीवर आवाज थांबला.

दाक्षायणी पावाला लोणी लावत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

दुपारी बोटीची फेरी होती. सोमशेखरचं धाडस झालं नाही. डोकं दुखतंय म्हणून त्याने दाक्षायणीला एकटीलाच पाठवलं. ती परतली ती गप्प गप्पच. उरलेले दिवस तिने कामापुरतं बोलून काढले.

सोलापुरात आल्यावर त्याचं मन त्याला खाऊ लागलं. एका दुपारी जेवता जेवता त्याने सगळं सांगून टाकलं. ती वही, ती अकरा वर्षं, आपलं खोटं.

दाक्षायणीने मान वर केली नाही.

"मला ठाऊक हाय की."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. बोटीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. आपल्या घरच्या कन्नडमधून बोलल्या. परमुलखात आपलं माणूस भेटलं म्हणून मला लई बरं वाटलं. मग म्हणाल्या, 'ते अजून झोपेत दात खातात का गं?'"

सोमशेखरच्या हातातला घास तसाच राहिला.

"बोट काठाला लागली. मी वळून बघितलं... बाक मोकळा. घरातल्या फोटोतला चेहरा मला तेव्हा आठवला."

"रागावली होती?"

"न्हाय. रडत होत्या."

"अजून काय म्हणाली?"

दाक्षायणी उठली. ताटं उचलली.

"ते तुमाला सांगू नको म्हणाल्यात."

वर्ष होऊन गेलं. तिने ते अजून सांगितलेलं नाही. सोमशेखरही आता विचारत नाही. फक्त कधी कधी, काम करता करता दाक्षायणी थांबते आणि त्याच्याकडे बघत राहते...

तेव्हा त्याची नजर आपोआप खाली जाते.