बाकावरची झुळूक

रुवैदाच्या पत्राला हातिमने अजून उत्तर दिलं नव्हतं. ईद मात्र तोंडावर आली होती.

त्यांची गाठ पडली ती ऐन जुलैत. बस्राच्या इस्पितळातल्या थंड हवेची यंत्रं हातिमच्या हाती. जो तो त्याला गारव्यासाठी धारेवर धरायचा. हवा नीट असली की त्याची आठवण कुणाला होत नसे. अशात भाजलेल्यांच्या वॉर्डातली नवी सिस्टर रुवैदा आडवी आली आणि म्हणाली, आमच्याकडे जरा ऊब वाढवा. थट्टाच ही, असं समजून त्याने गारवा आणखी वाढवला... भलेपणाने.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला काचेपाशी नेलं. आत एक मुलगी चादरीखाली कुडकुडत होती.

"कातडीच जळलीय, उस्ता. अंगातली ऊब टिकेल कशी?" मिस्त्रीला म्हणतात तसं ती त्याला उस्ता म्हणायची.

हातिम कानापर्यंत लाल झाला. संध्याकाळी वॉर्ड उबदार झाला, मुलगी शांत झोपली — आणि रुवैदा घामाने निथळू लागली. त्याला ते बघवेना. वॉर्डातली हवा तर बदलता येत नव्हती. मग बाहेर, ती चहाला टेकायची त्या बाकाच्या वरची थंड हवेची जाळी त्याने हळूच खाली वळवली.

ती टेकली. रुमालाचं टोक हललं. तिने डोळे मिटून घेतले.

"ही झुळूक कुणाची, उस्ता?"

"चुकून... येत असेल."

"नेमकी मी बसते तिथेच? फार गुणी चूक आहे हो तुमची."

उन्हाळा असा सरला. मग तिची बदली तिच्या गावी, अमाराला झाली, आणि पत्र आलं. आधी त्या झुळकेचे आभार. मग, वडिलांकडे एका व्यापाऱ्याची मागणी येऊ घातल्याचं. आणि शेवटी — 'ईदला वडील घरी असतील. तुमच्यासाठी चहा ठेवू का?'

हातिमने कितीतरी कागद फाडले. नुसता आभाराचा चहा असला तर? आपल्यासारख्या अबोल माणसाला कोण...

आईला राहवेना. "अरे ऐनी, माझ्या लाडक्या, आभाराच्या चहाला कुणी बापाला घरी बसवतं होय? मागणीचा चहा आहे तो, होकारानंतर प्यायचा. मामाला निरोप धाडू की नको, तेवढं बोल."

त्याने होकाराची मान हलवली आणि लिहायला बसला.

'आजवर इतकी हवा फिरवली. ती लागली, असं तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत. तुमचा फार ऋणी आहे. आई-मामांना घेऊन येतो. चहा ठेवा. वडील हो म्हणेपर्यंत निवला तरी चालेल... गार करणं माझंच काम.'

पत्र टपालपेटीच्या तळाशी पडल्याचं ऐकलं, तेव्हाच त्याने हात बाहेर काढला.