दोष सापडला नाही

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबर महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, दुपारच्या प्रहरी, तांपेरे नगरातील जुन्या कापडगिरणीच्या सभागृहात, साइमी राउतियो हिच्या गिटारमधून सागरी हवामानाचे वृत्त ऐकू येऊ लागले.

"बोथनियाच्या आखातात वायव्येचा वारा... तुरळक सरी... दृश्यता मध्यम," असे एक धीरगंभीर पुरुषी आवाज सांगत होता, आणि तेही नेमके त्या जागी, जिथे साइमीने स्वतः रचलेल्या वॉल्ट्झमध्ये एकच सूर लांबवर धरून ठेवायचा होता. ड्रम थांबले. ड्रमच्या मागून रौहा किवेला उठून उभी राहिली. या चौघांच्या वाद्यवृंदाची ती मालकीण, गायिका आणि दंडाधिकारी होती.

"पोरी," ती म्हणाली, "शुक्रवारी आपल्याला रेडिओवर वाजायचं आहे. रेडिओने आपल्यावर वाजायचं नाही."

"मी काय करू? केबल नवीकोरी आहे! दुकानातली सगळ्यात जाड बघून आणली."

"जाड तर माझा नवराही आहे. म्हणून काही मी त्याला गिटारला जोडत नाही." रौहाने काठ्या खाली ठेवल्या. "हे बघ, थेट प्रक्षेपण आहे. शुक्रवारपर्यंत हा हवामानवाला तुझ्या गिटारमधून गेला नाही, तर मधली सुरावट बाहेरचा एइनो अकॉर्डियनवर वाजवेल. मी त्याला विचारून ठेवलंय."

साइमीने गिटार छातीशी धरली. ती सुरावट तिने अख्खा उन्हाळा खपून बांधली होती. स्वतःची रचना दुसऱ्याच्या भात्यातून बाहेर पडताना, स्वतः बाजूला उभे राहून, ऐकायची...

तेवढ्यात रंगमंचाच्या फळ्यांतील एक झाकण वर उचलले गेले आणि त्यातून एक डोके बाहेर आले. केसांत कोळिष्टके होती. सभागृहाची वीज आणि ध्वनी सांभाळणारा हा इल्मो हाकोला. साइमीने त्याचे नाव ऐकले होते. आवाज मात्र अद्याप ऐकला नव्हता, आणि त्यात तिचा दोष नव्हता.

तो वर आला. तिची केबल त्याने हातात घेतली, बोटांत वाकवून पाहिली, टोकाच्या पिनचे आवरण फिरवून काढले, आत डोकावला.

"ही स्पीकरची आहे," तो म्हणाला.

"पिन तर तीच आहे!"

"पिन तीच असते. टोपी सारखी असली म्हणून डोकं सारखं नसतं."

"हे माझ्या डोक्याबद्दल होतं का?"

इल्मोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "केबलबद्दल," तो पुटपुटला. "गिटारचा आवाज अँप्लिफायरपर्यंत जातो तो... कुजबुजत जातो. कुजबुजीला शाल लागते. तांब्याच्या जाळीची, भोवताली विणलेली. स्पीकरच्या केबलला ती नसते, तिला गरजच नसते. तिच्यातून ओरडणंच जातं. मग उघड्या कुजबुजीत वाटेतला जो येईल तो तोंड घालतो."

"हवामानवालासुद्धा?"

"तो तर पहिला. खाली दुरुस्तीची खोली आहे. यायचं असेल तर... येता येतं."

इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कोणाला 'तू' म्हणून थेट सामोरे जाणे त्या प्रदेशातील पुष्कळांना जड जाते; कर्त्यावाचून वाक्य करण्याची सोय त्यांच्या भाषेने त्यांना उदारपणे दिलेली आहे. परंतु इल्मोने त्या सोयीचा जेवढा उपभोग घेतला होता तेवढा नगरात क्वचितच कोणी घेतला असेल. त्याच्या तोंडी कॉफी 'प्यायली जाई', दार 'लावले जाई', आणि समोरचा माणूस व्याकरणातून अलगद नाहीसा होई.

खालच्या खोलीत भिंतभर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर गुंडाळलेली केबल. तारा जोडणाऱ्या तापलेल्या डाखाचा वास होता. इल्मो एकेक केबल उतरवून अँप्लिफायरला लावी, पिनेपाशी धरून हलवी, मध्यावर टिचकी मारी, जमिनीवर आपटून पाही, आणि कान देऊन ऐके. ती गप्प राहिली की तो म्हणे, "दोष सापडला नाही," आणि ती परत खिळ्यावर.

साइमीने तिसऱ्यांदा हे ऐकले आणि तिला राहवले नाही.

"चांगली आहे, असं म्हणायला काय होतं रे?"

"ते सिद्ध करता येत नाही. आज हलवून गप्प राहिली, एवढंच कळतं. उद्याचं कोणी सांगावं?"

"म्हणजे आयुष्यात कशालाच चांगलं म्हटलं नाहीस?"

तो प्रामाणिकपणे विचारात पडला. "अजून तरी नाही."

"आणि माणसांची परीक्षा कशी घेतोस? अशीच हलवून?" असे म्हणत तिने दोन बोटांनी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

त्याच्या हातातला पेचकस टेबलाखाली गेला.

"खरखरलास," साइमी म्हणाली. "दोष सापडला."

त्याने तिच्यासाठी नवी केबल बांधली. आखूड, तीनच मीटरांची. आतली जाळी इतकी दाट विणलेली की सुईचे टोक शिरू नये. डाखाचा एकेक थेंब तो असा ठेवी, की जणू तिथे दुसरा ठेवायला आयुष्यात संधी मिळणार नाही. साइमी त्याच्या हातांकडे पाहत राहिली. हात मोठे होते, ओबडधोबड होते. परंतु कामाला लागले की त्यांच्यात एक अशी मृदुता येई की पाहणाऱ्याने श्वास हळू घ्यावा. शेवटी त्याने ती गुंडाळली: एक वळसा सरळ, पुढचा उलटा, पुन्हा सरळ. अशी गुंडाळली म्हणजे तारेला पीळ पडत नाही.

"फक्त टोक वळशांच्या आतून जाऊ द्यायचं नाही," तो म्हणाला. "नाहीतर उघडताना गाठीच गाठी."

सोमवारच्या तालमीत हवामानवाला आला नाही. रौहाने मान डोलावली. सारे खूश होते, एक साइमी सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताम्मेलाच्या बाजारचौकात त्याला शोधत आली. बारीक पाऊस भुरभुरत होता. इल्मो टपरीच्या छपराखाली उभा राहून काळे सॉसेज आणि त्यावर लिंगोनबेरी या आंबट रानफळाचा मुरंबा खात होता.

"तुझी केबल खोटं बोलते," ती म्हणाली.

घास त्याच्या गालातच राहिला. "खरखर आहे?"

"नाही."

"गुणगुण?"

"नाही! काहीच नाही. लख्ख आहे. काचेसारखी लख्ख, आणि काचेसारखीच टोचते. माझा तो लांब सूर... तो मी वाजवला की सुई लागल्यासारखं होतं. तो माझा आवाजच नाही."

"मोजणीच्या मीटरवर पाहिलंय. या केबलमधून गिटारचा आवाज सगळाच्या सगळा पोहोचतो. खरा आवाज तोच."

"माझा खरा आवाज कोणता, हे आता तुझा मीटर ठरवणार?"

"मीटर खोटं—"

"आणि माझे कान खोटं बोलतात? बोल ना! नऊ वर्षं मी या गिटारबरोबर आहे. तुझा मीटर किती दिवस होता तिच्याबरोबर?"

टपरीवाल्या बाईंनी हातातला चिमटा थांबवला. "इल्मो," त्या म्हणाल्या, "या पोरीचं बरोबर आहे. काय बोलतेय ते मला कळलं नाही, पण बरोबर आहे."

इल्मोने कागदी ताटलीतला उरलेला तुकडा मुरंब्यात बुडवला आणि, बराच वेळ विचार केल्यावर, ताटली तिच्यापुढे सरकवली. हे त्या चौकात क्षमायाचनेच्या जवळपास जाणारे कृत्य होते. साइमीने तो तुकडा खाल्ला.

"आधी कोणती होती?" त्याने विचारले. "त्या जाड केबलच्या आधी?"

"मामाची. टेलिफोनच्या तारेसारखी, वेटोळ्या-वेटोळ्यांची. उन्हाळा संपता संपता कुत्र्याने चावली. त्याच्या आधी कायम तीच."

"वेटोळी." इल्मोचे चावणे थांबले. "ओढून सरळ केली तर किती लांब?"

"या टपरीपासून त्या फुलवालीपर्यंत तरी."

त्याने फुलवालीकडे पाहिले, मग साइमीकडे, मग पावसाकडे.

"केबल जितकी लांब, तितकी ती आवाजाचं वरचं टोक खाते," तो हळूहळू म्हणाला. "अगदी बारीक, अगदी उंच ते तिच्या अंगातच जिरतं. मी त्याला गळती म्हणत आलो. पण नऊ वर्षं ते टोक गळून जो आवाज ऐकला गेला... सूर ज्याच्यावर बांधला गेला..." तो थांबला. "दोष सापडला."

"केबलमध्ये?"

"माझ्यात. विचारलं नव्हतं."

कोणी म्हणेल की चूक कबूल करणे यात विशेष ते काय. त्याचे उत्तर असे की आपल्या कामात निष्णात असलेला माणूस, भर बाजारात, स्वतःच्या मीटरच्या विरुद्ध साक्ष देतो, हे रोज घडत नाही. आणि साइमीला त्या क्षणी जे वाटले तेही तिला रोज वाटत नसे.

ती दोघे तशीच भिजत खालच्या खोलीत गेली. इल्मोने भिंतीवरच्या वेगवेगळ्या लांबीच्या साऱ्या केबली उतरवल्या. साइमीने गळ्यातला लोकरी रुमाल काढून स्वतःच्या डोळ्यांवर बांधला. "मी बघणार नाही, तू सांगायचं नाही. बदलत जा."

ती तोच एक सूर वाजवी. तो केबल बदली. "टोचते," ती म्हणे. पुढची. "अजून टोचते." पुढची. "ही तर गोधडीत गुंडाळली आहे." पुढची... आणि तिचे बोट तारेवर थांबून राहिले.

"ही."

त्याने पिन काढली, खडखडाट केला, आणि तीच पिन परत लावली.

"हीच मघाची," साइमी म्हणाली. "फसवतोस?"

तिने रुमाल वर सरकवला. इल्मो तिच्याकडे पाहत होता. आणि आजवर त्या खोलीत जे पाहणे केवळ दाट विणीच्या जाळीच्या वाट्याला आले होते, तसले ते पाहणे होते.

"नऊ मीटर," तो अखेर म्हणाला. "कानाने. मीटरशिवाय."

"मग? शेरा नाही?"

"दोष..." त्याने पिन पुन्हा एकदा दाबून पाहिली. "सापडला नाही."

मामाची केबल लांब होती, पण तिची जाळी विरळ होती. मग इल्मोने तिच्यासाठी आणखी एक केबल बांधली; तिला लांबी मामाची दिली आणि वीण आपली. गुरुवारी तालमीआधी त्याने ती स्वतः आणून दिली, आणि साइमी ती गिटारला लावणार एवढ्यात म्हणाला, "अशी नाही." तो जवळ आला. केबलचा पदर त्याने तिच्या खांद्यावरच्या पट्ट्याच्या आतून घेतला, वरून वळवला आणि मग पिन लावली. "आता कोणाचा पाय पडला तर ओढ पट्ट्यावर येते. पिनेवर नाही."

त्याचा हात तिच्या खांद्यापाशी आवश्यकतेहून किंचित अधिक काळ राहिला. किंचितच. साइमीने तो हलवला नाही, आणि टिचकीही मारली नाही.

"ए तारवाल्या!" ड्रममागून रौहा ओरडली. "तिची लावून झाली असेल तर माझ्या माइककडेही बघ. की मीही हवामान वाजवू?"

शुक्रवारी संध्याकाळी सभागृह भरले. एइनो आपले अकॉर्डियन मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. रौहाने त्याला बोलावून ठेवले होते, कारण ती दयाळू असली तरी भोळी नव्हती. इल्मो सभागृहाच्या टोकाला, आपल्या कळा आणि दिव्यांच्या मागे होता. लाल दिवा लागला. देशभर घराघरांत रेडिओ चालू होते.

वॉल्ट्झ मध्यावर आला. साइमीने तो सूर धरला. सूर उठला आणि राहिला. टोचला नाही, झाकोळला नाही. सायंकाळी तळ्यावरचा उजेड राहतो तसा राहिला. आणि नेमक्या त्याच वेळी रेडिओचा निवेदक, पुढची घोषणा करण्यास सरसावत, मागे न बघता तिच्या केबलवर पाय देऊन उभा राहिला.

पट्टा खांद्यावर करकचला. साइमी अर्धे पाऊल मागे ओढली गेली. एइनोचे हात आपोआप भात्यावर गेले. रौहाची काठी हवेत थबकल्यासारखी झाली...

पिन जागची हलली नाही. सूर चालू होता. पिनेत खरखर नाही, मागे गुणगुण नाही, बोथनियाचे आखात नाही. निवेदकाने पाय उचलला, सूर उतरला, आणि रौहाने ड्रमवर असा ठेका धरला की पहिल्या रांगेत बसलेल्या एइनोने अकॉर्डियन खाली ठेवले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

लाल दिवा विझल्यावर माणसे कोटांकडे आणि कॉफीकडे गेली. रौहा जाता जाता साइमीच्या पाठीवर एक थाप मारून गेली. रंगमंचावर साइमी राहिली, आणि केबल गुंडाळायला आलेला इल्मो. एक वळसा सरळ, एक उलटा. त्याचे लक्ष साइमीकडे होते आणि टोक वळशांच्या आतून गेले. त्याने केबल उचलली, तर तिला ओळीने गाठी पडल्या. जन्मात पहिल्यांदा.

साइमी हसली आणि त्याच्या शेजारी फळ्यांवर बसून गाठी सोडवू लागली. मधल्या एका गाठीपाशी दोघांची बोटे एकत्र आली, आणि तिथेच राहिली.

"मग?" तिने विचारले. "दोष सापडला?"

"शोधायचा राहून गेला."

"तू? आणि दोष शोधायचा राहिला?"

"ऐकलं जात होतं," तो म्हणाला. "नुसतं ऐकलंच जात होतं."

"मग निकाल काय?"

इल्मोने त्या गाठीकडे पाहिले. "चांगलं..." शब्द त्याच्या तोंडात नवा होता, त्याने तो जपून बाहेर काढला. "चांगलं वाजवलं गेलं."

साइमीचे बोट त्याच्या बोटाभोवती घट्ट झाले. "कोणी वाजवलं?"

गाठ सुटली; इल्मोने बोट मात्र सोडवले नाही. मग त्याने मान वर केली.

"तू," इल्मो म्हणाला. "तू चांगली आहेस."