अफवा क्रमांक एकेचाळीस

गावाचे दोन भाग करणारं तारेचं कुंपण निघून सहा वर्षं झाली होती, तरी अलीकडचे आणि पलीकडचे अजून एकमेकांचा नमस्कारसुद्धा उलटून पालटून बघत. म्हणून सलोखा मंडळाने नियम केला होता: प्रत्येक अफवा अलीकडच्या एकाने आणि पलीकडच्या एकाने मिळून तपासायची, मुळापर्यंत जायचं, आणि चौकातल्या फळ्यावर ‘खरी’ की ‘खोटी’ ते लिहून दोघांनी सही करायची.

सोडत निघाली आणि अलीकडची, रक्त तपासणारी ‘ती’ पलीकडच्या किल्लीवाल्याच्या वाट्याला आली. रिपोर्ट हातात आल्याशिवाय सख्ख्या आईच्या तापावरही विश्वास न ठेवणारी!

“कुठलंही कुलूप उघडता येतं तुम्हाला?” पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

“मालकाने सांगितलं तरच.”

“असं सगळेच म्हणतात.”

तो हसला. ते हसणं तिने संशयास्पद ठरवलं... आणि आठवडाभर तेच आठवत बसली.

टाकीत विष – खोटी. बेकरीत शिळं पीठ – खरी. अशा चाळीस झाल्या. एकेचाळिसाव्या अफवेची चिठ्ठी त्याने उघडली आणि मोठ्याने न वाचताच तिच्यापुढे सरकवली. ‘रक्तवाली आणि किल्लीवाला यांचं जुळलंय.’

तिचे कान तापले. “तुम्हीच पसरवलंत!”

“पसरवायचंच असतं, तर आधी तुम्हालाच नसतं का सांगितलं?”

तिचे काका मंडळात अलीकडचे प्रमुख. ते गुरकावले, “ही खरी निघाली तर माझा राजीनामा. मी गेलो की आपली निम्मी माणसं गेली. बघ बाई!”

खोटी लिहावी, तर फळा आजवर एकदाही खोटं बोलला नव्हता.

दोघं माग काढत निघाले. दूधवाल्याने न्हाव्याकडे बोट दाखवलं, न्हाव्याने शाळेतल्या बाईंकडे, आणि बाईंनी थेट तिच्या आत्याकडे.

“हो, मीच म्हटलं!” आत्या म्हणाली. “काल कुठे होता, दुकान लवकर का बंद केलं, ती बाई कोण... अगं, इतकी उलटतपासणी बायको नवऱ्याचीच करते!”

“ती बाई माझी मावशी,” किल्लीवाला पुटपुटला.

“ते मी तपासलंय,” ती म्हणाली – आणि जीभ चावली.

चौकात दोन्हीकडची माणसं जमली होती. काका पुढेच उभे. तो हळूच म्हणाला, “खोटी लिहा. मंडळ फुटायला नको. मी समजून घेईन.”

“का? तुमच्याकडून काहीच नाही?”

“आहे ना... चौथ्या अफवेपासून.”

“चौथ्या! आणि मला आज कळतंय?”

“तुम्ही सगळं विचारलंत. तेवढंच सोडून.”

तिने खडू उचलला, ‘खरी’ लिहिलं, सही ठोकली. त्याच्या सहीला खडू दोनदा मोडला.

काकांनी दोन्ही सह्या वाचल्या आणि ते चालू लागले – पलीकडे, जिथे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

“काका, कुठे निघालात? राजीनामा...”

“तो उद्या बघू. आधी ह्याच्या घरची चौकशी नको करायला? तुझ्या एकटीच्या तपासाचा मला भरवसा नाही.”

किल्लीवाला धावला. “थांबा, मी घर दाखवतो.”

“तू नको!” काका वळूनही न बघता म्हणाले. “मी शेजाऱ्यांना विचारत जाईन.”